मतांचें वजन आणि चिटणिसाचा शिक्का

निवडणूक म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें ग्रामपंचायत, नगरपालिका, विधानसभा आणि लोकसभा एवढ्याच संस्था येतात. लोकांनीं निवडलेले प्रतिनिधि कायदे करतात, आणि कलेक्टर, तहसीलदार, फौजदार, न्यायाधीश हे नेमणुकीचे अधिकारी असतात, हा भेद आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, फौजदार मतें टाकून निवडावयाचा असें कोणीं सांगितलें तर घरांतील वडील मंडळी तें थट्टेवारी नेतील. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत मात्र ही नित्याची गोष्ट आहे. त्यांतील दक्षिणेकडच्या जॉर्जिया संस्थानाच्या निवडणुकांचा इतिहास आम्हीं अलीकडे थोडा लक्षपूर्वक वाचला, आणि तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटलें. कारण मत देण्याचा हक्क मिळाल्यावरहि त्या मताचें वजन कोण ठरवितो आणि तें मोजणारा कोण, हा प्रश्न शिल्लकच राहतो, हें तेथें जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचित्‌ दुसरीकडे दिसेल.

जॉर्जिया हें अमेरिकेच्या आग्नेय भागांतील संस्थान, राजधानी अटलांटा. २०२० च्या शिरगणतींत तेथील लोकसंख्या एक कोटि सात लाखांवर भरली. संस्थानाचे १५९ तुकडे पाडलेले असून प्रत्येकास काउंटी म्हणतात. आपल्या तालुक्यासारखाच हा प्रकार; कांहीं काउंट्या मात्र एखाद्या मोठ्या गांवाहूनहि लहान वस्तीच्या. प्रत्येक काउंटींत शेरीफ म्हणजे पोलिसांचा मुख्य, न्यायालयाचा दप्तरदार, मृत्युपत्रें व वारसा पाहाणारा न्यायाधीश आणि करवसुलीचा अधिकारी हे चौघेहि चार चार वर्षांकरितां लोकांच्या मतांनीं निवडले जातात. बहुतेक काउंट्यांत अपमृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर देखील निवडूनच येतो. अटलांटा येथें गव्हर्नर, उपगव्हर्नर, मुख्य सरकारी वकील, शाळाखात्याचा अधीक्षक, शेतकी, विमा आणि मजूर या खात्यांचे तीन कमिशनर हे सर्व लोकनियुक्त. पेट्रोल पंपाचें माप खरें आहे कीं नाहीं, हें पाहाण्याचें काम शेतकी खात्याकडे असल्यामुळें त्याकरितांहि मतदारानें कोणास तरी मत दिलेलें असतें! विजेचे दर ठरविणारें पांच जणांचें एक कमिशन आहे. एका खटल्यामुळें त्याच्या निवडणुका कांहीं वर्षें अडकून पडल्या होत्या. त्या २०२५ च्या नोव्हेंबरांत झाल्या तेव्हां वाढत्या बिलांनीं त्रासलेल्या मतदारांनीं दोघां जुन्या सभासदांना घरीं बसविलें. घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या वाचक भगिनींना हें वाचून थोडा हेवा वाटल्यास आम्ही त्यांस दोष देणार नाहीं.

या यादींत एक अधिकारी आम्हीं मुद्दाम मागें ठेविला. त्यास तेथें ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ म्हणतात. आम्ही त्यास चिटणीस म्हणूं. कारण संस्थानाचा मोठा शिक्का त्याच्या हवालीं असतो, आणि निवडणुकांच्या निकालांवर संस्थानातर्फे खरेपणाची साक्ष घालण्याचें कामहि त्याच्याच कचेरींत होतें. पुढील हकीकतींत तो दोनदां येणार आहे.

आतां मतदार कोण, हें पाहूं. १८६५ सालीं यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेली, आणि १८६८ सालीं तीसहून अधिक कृष्णवर्णी सभासद जॉर्जियाच्या विधिमंडळांत निवडून आले. त्याच वर्षीं गोऱ्या सभासदांनीं त्यांना हांकलून दिलें. मत देण्याचा हक्क म्हणजे अधिकारपद धारण करण्याचा हक्क नव्हे, असा शब्दच्छल त्याकरितां करण्यांत आला! मध्यवर्ती सरकारच्या दडपणामुळें १८७० सालीं ते परत आले खरे, पण तो काळ अल्प ठरला. १८७७ च्या घटनेनें डोईपट्टी न भरणाराचें मत काढून घेतलें, आणि पट्टी थकली तर मागील सर्व वर्षांची बाकी फेडल्याखेरीज मत नाहीं असें ठरविलें. गरिबाला ही बाकी कधींच फिटणारी नव्हती. १९०८ सालीं साक्षरतेच्या व मालमत्तेच्या अटी घटनेंत आल्या. वाचतां येतें कीं नाहीं याची परीक्षा गोरा अधिकारी घेणार. तेव्हां तींत कोण उतरणार आणि कोण नापास होणार हें सांगावयास नको.

याहूनहि खोल असा एक डाव होता. त्या काळीं जॉर्जियांत डेमोक्रॅटिक पक्षाखेरीज दुसऱ्या पक्षास कोणी विचारीत नसे. १८७२ पासून २००२ पर्यंत गव्हर्नराच्या निवडणुकींत तोच पक्ष विजयी होत गेला. त्यामुळें पक्षाचा उमेदवार ठरविणारी जी प्राथमिक निवडणूक, तीच खरी निवडणूक. मागाहून होणारी मुख्य निवडणूक हा केवळ उपचार. आणि प्राथमिक निवडणूक ही ‘खासगी’ पक्षाची बाब म्हणून तींत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता.

गोऱ्यांतहि सर्वांचें मत सारखें नव्हतें, ही मात्र वाचकांस नवल वाटण्याजोगी गोष्ट. १९१७ च्या कायद्यानें प्राथमिक निवडणुकींत माणसांचीं मतें न मोजतां काउंट्यांचे अंश मोजण्याची रीत पक्की केली. सर्वांत मोठ्या आठ काउंट्यांना प्रत्येकीं सहा अंश, त्यांखालच्या तीस काउंट्यांना प्रत्येकीं चार, आणि बाकीच्या १२१ काउंट्यांना प्रत्येकीं दोन, एकूण ४१०. ज्या उमेदवारास काउंटींत सर्वांत अधिक मतें पडतील त्याला तेथले सगळे अंश.

ज्यांनीं एकत्र कुटुंबाची वांटणी जवळून पाहिली आहे त्यांना यांतील मख्खी चटकन कळेल. दोन भावांपैकीं एकास एकच मुलगा आणि दुसऱ्यास सात. भाऊ निवर्तल्यावर वांटणी शाखेवार झाली, तर एकट्या मुलास रुपयांतले आठ आणे आणि सात जणांत मिळून आठ आणे. वडिलार्जित मिळकतींत या रीतीला शास्त्राधार आहे, आणि तिच्यामागें पित्याच्या हिश्श्याचा विचार आहे. पण मत ही कांहीं आजोबांनीं ठेवलेली जमीन नव्हे. तें ज्याचें त्याचें असतें. १९६० च्या शिरगणतींत एकोल्स या सर्वांत लहान काउंटींत १,८७६ माणसें होतीं, आणि तिला दोन अंश. अटलांटा शहर जींत मोडतें त्या फुल्टन काउंटींत साडेपांच लाखांवर माणसें, आणि तिला सहा. एकोल्समधील एक माणूस फुल्टनमधील ९९ माणसांच्या भारंभार होता, असा हिशेब पुढें न्यायालयापुढें मांडला गेला. तीन खेडवळ काउंट्या गांठल्या कीं अटलांट्याची बरोबरी झालीच. आणि लहान काउंटी म्हणजे चार वजनदार असामी हातीं आल्या कीं संपलें. जेथें ट्रामगाडी धांवते तेथलें मत मला नकोच, अशी प्रौढी यूजीन टाल्मेज हे तेथील प्रसिद्ध पुढारी मारीत असत असें सांगतात. ती पोकळ नव्हती.

१९४० नंतर हा किल्ला ढासळूं लागला. तरुण गव्हर्नर एलिस आर्नल यांच्या कारकीर्दींत १९४३ सालीं मतदाराचें वय अठरावर आणलें गेलें; असें करणारें जॉर्जिया हें पहिलेंच संस्थान. १९४५ सालीं डोईपट्टीची अट गेली. कोलंबस शहरचे प्रायमस किंग या कृष्णवर्णी गृहस्थांनीं प्राथमिक निवडणुकींत आपणांस मत देऊं दिलें नाहीं म्हणून लावलेल्या दाव्यांत न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला, आणि १९४६ च्या उन्हाळ्यांत कृष्णवर्णी मतदार हजारोंनीं रांगेंत उभे राहिले. त्या वेळीं टाल्मेज यांनीं जुनी वर्णबंदी परत आणण्याचें वचन देऊन उमेदवारी केली होती. त्यांच्याविरुद्ध जेम्स कार्मायकेल. मतें मोजलीं तेव्हां कार्मायकेल यांना ३,१३,००० वर, टाल्मेज यांना २,९७,००० वर. अंश मोजले तेव्हां टाल्मेज २४२, कार्मायकेल १४६! हरलेला जिंकला. इतक्या वर्षांनीं हातीं आलेल्या मताची ही पहिली किंमत.

यानंतर जें घडलें तें एखाद्या नाटकांत घातलें असतें तर प्रेक्षकांनीं नाटककारास अतिशयोक्तीचा दोष दिला असता. नोव्हेंबरांतील मुख्य निवडणुकींत टाल्मेज यांना प्रतिस्पर्धी नव्हता. परंतु त्यांची प्रकृति खालावलेली होती, आणि २१ डिसेंबर १९४६ रोजीं, अधिकारावर बसण्यापूर्वींच, ते वारले. जवळच्या मंडळींनीं हा प्रसंग आधींच हेरून ठेविला होता. अमेरिकेंत मतपत्रिकेवर छापलेल्या नांवांखेरीज दुसरें नांव स्वहस्तें लिहिण्याची मुभा असते. आणि कोणासहि बहुमत न मिळाल्यास सर्वाधिक मतें मिळालेल्या दोन हयात इसमांतून विधिमंडळानें गव्हर्नर निवडावा, असें कलम संस्थानाच्या घटनेंत होतें. तेव्हां मुलगा हर्मन याचें नांव कांहीं मतदारांकडून लिहविण्यांत आलें होतें. मोजणींत अशीं हस्तलिखित मतें कार्मायकेल यांना ६६९, बोवर्स नांवाच्या एका इसमास ६३७ आणि हर्मन यास ६१७ निघालीं. म्हणजे तिसरा क्रमांक! मग टेल्फेअर या टाल्मेज घराण्याच्या स्वतःच्या काउंटींतून आणखी ५८ मतें ‘सांपडलीं’, आणि हर्मनचा आंकडा ६७५ झाला.

‘अटलांटा जर्नल’ पत्राचे बातमीदार जॉर्ज गुडविन यांनीं मागाहून त्या काउंटींतले मतदारांचे कागद तपासले. त्यांत मृत झालेल्यांचीं आणि गांव सोडून गेलेल्यांचीं नांवें मिळालीं; शिवाय कित्येक मतदार वर्णमालेच्या क्रमानें, एकामागून एक, मत देऊन गेल्याचें दिसलें. आम्हीं आयुष्यभर वर्गांत हजेरी घेतली. पण मुलें हजेरीपटाच्या क्रमानें फाटकांतून आंत आलेलीं आम्हांस एकदांहि आढळलीं नाहींत. या शोधाबद्दल गुडविन यांना १९४८ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें.

पण ती बातमी बाहेर येण्यापूर्वींच, १५ जानेवारी १९४७ च्या उत्तररात्रीं, विधिमंडळानें तेहतीस वर्षांच्या हर्मनला गव्हर्नर म्हणून निवडलें होतें. आर्नल यांनीं तें मानण्याचें नाकारलें. आपला वारस कायदेशीर ठरेपर्यंत आपणच गव्हर्नर, असें ते म्हणाले. हर्मनच्या लोकांनीं कचेरीचा ताबा घेऊन कुलुपें बदललीं. दुसरीकडे नव्या घटनेप्रमाणें प्रथमच निवडून आलेले उपगव्हर्नर मेल्विन थॉम्प्सन म्हणाले कीं, गव्हर्नर मेला तर जागा माझी. आर्नल यांनीं थोड्याच दिवसांत राजीनामा देऊन थॉम्प्सन यांच्या हातीं आपला हक्क दिला. एका संस्थानाला एकाच आठवड्यांत तीन गव्हर्नर!

अशा वेळीं सरकारी हुकूम खरा कोणाचा? ज्यावर शिक्का उठेल त्याचा. आणि शिक्का होता चिटणीस बेन फोर्टसन यांच्यापाशीं. फोर्टसन यांना तरुणपणीं मोटारीच्या अपघातांत पायांनीं अधूपणा आला होता. ते चाकांच्या खुर्चींतून वावरत. त्यांनीं संस्थानाचा शिक्का खुर्चीच्या गादीखालीं दडविला आणि त्यावर बसून राहिले! एकाहि दावेदारास त्यांनीं तो उठवूं दिला नाहीं.

आम्हां संस्कृताच्या विद्यार्थ्यांना येथें मुद्राराक्षस आठवल्याखेरीज राहत नाहीं. तेथें राक्षसाची मुद्रा शत्रूच्या हातीं पडते आणि तिच्या एका ठशानें चाणक्य सारा डाव उलटवितो. मुद्रेचें सामर्थ्य चाणक्यानें ओळखलें तसेंच फोर्टसन यांनींहि ओळखलें. अंतर एवढेंच कीं, एकानें ती वापरून बाजी जिंकली आणि दुसऱ्यानें ती कोणासहि न वापरूं देऊन. आमच्या मतें दुसरें काम अधिक कठीण होय.

१९ मार्च १९४७ रोजीं संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध दोन मतांनीं निकाल दिला. यूजीन टाल्मेज यांना बहुमत मिळालेलें होतें; तेव्हां विधिमंडळाला निकाल जाहीर करण्यापलीकडे निवड करण्याचा अधिकारच पोंचत नव्हता. हर्मन यांनीं कचेरी सोडली आणि थॉम्प्सन यांचा अंमल सुरू झाला. पण मतदारांनीं १९४८ सालीं हर्मन यांनाच रीतसर निवडून दिलें, आणि पुढें ते वॉशिंग्टनच्या सीनेटांतहि पुष्कळ वर्षें बसले. लोकांच्या न्यायाची रीत न्यायालयाहून निराळी असते.

काउंटीच्या अंशांची पद्धत मात्र आणखी पंधरा वर्षें टिकली. १९६२ सालीं मध्यवर्ती न्यायालयानें ती रद्द केली, आणि १८ मार्च १९६३ रोजीं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें ग्रे विरुद्ध सँडर्स या खटल्यांत त्यावर शिक्कामोर्तब केलें. त्या वेळीं अंशांविरुद्ध कोर्टापुढें बोलावयास अध्यक्ष केनेडी यांचे बंधु रॉबर्ट केनेडी स्वतः उभे राहिले होते. ‘एक माणूस, एक मत’ हें सूत्र त्याच निकालांतून जगभर गेलें.

या बदलामुळेंच १९६२ सालीं भुईमुगाचा व्यापार करणाऱ्या एका तरुणानें संस्थानाच्या सीनेटकरितां उभें राहण्याचें धाडस केलें. क्विटमन काउंटींत त्याला हरविण्यांत आलें. पण तेथील पेटींत मतदारांहून मतपत्रिकाच अधिक निघाल्या, आणि मतदार पुन्हा वर्णानुक्रमेंच आलेले! त्यानें न्यायालयांत दाद मागितली आणि जागा मिळविली. हा तरुण म्हणजे पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर. मुंबईकरांना त्यांच्या घराण्याची एक निराळीच ओळख असावयास हवी. त्यांच्या मातोश्री लिलियन कार्टर या १९६६ सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, पीस कोअर या संस्थेमार्फत आपल्याकडे आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतींत त्यांनीं सुमारें दोन वर्षें रुग्णसेवा केली. ज्या वयांत आपल्या घरांतील आजीबाई काशीयात्रेचा विचार करतात त्या वयांत ही बाई परक्या देशांत दवाखान्यांत राबत होती.

असो. अंश गेले तरी युक्त्या संपल्या नाहींत. १९६४ सालीं कायदा झाला कीं, निम्म्याहून अधिक मतें मिळाल्याखेरीज कोणी निवडून आला असें मानावयाचें नाहीं. तसें न झाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा निवडणूक. दिसावयास हें न्याय्य आहे, आणि तत्त्वतः आम्हांसहि त्यांत वावगें दिसत नाहीं. पण गोऱ्यांचीं मतें अनेक उमेदवारांत फुटून कृष्णवर्णीयांच्या एकमुखी मतांनीं कोणी निवडून येऊं नये, हा हेतु त्यामागें होता, असें त्याच्या एका प्रमुख पुरस्कर्त्यानेंच पुढें कबूल केलें. गव्हर्नराच्या जागेस हा नियम त्या वेळीं लागूहि नव्हता. १९६६ सालीं रिपब्लिकन उमेदवार कॅलवे यांना लेस्टर मॅडॉक्स यांच्याहून सुमारें तीन हजार मतें अधिक मिळालीं. पण आर्नल यांचें नांव हातानें लिहिणारेहि पुष्कळ निघाल्यामुळें बहुमत कोणासच नाहीं. विधिमंडळानें जुन्या कलमाप्रमाणें मॅडॉक्स यांना निवडलें. आपल्या खाणावळींत कृष्णवर्णी गिऱ्हाइकांना पाऊल ठेवूं न देण्याबद्दल जे गाजले होते तेच हे गृहस्थ!

त्या नियमानें पुढें आपल्या कर्त्यांवर उगवलेला सूड पाहण्याजोगा आहे. ५ जानेवारी २०२१ रोजीं सीनेटच्या दोन्ही जागांकरितां अशीच दुसरी फेरी झाली, आणि तींत राफाएल वॉर्नॉक हे विजयी झाले: जॉर्जियानें सीनेटांत पाठविलेले पहिले कृष्णवर्णी सभासद, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या एबेनेझर मंदिराचे धर्मोपदेशक. दुसऱ्या जागेवर जॉन ऑसॉफ आले.

त्या दुसऱ्या फेरीच्या तीनच दिवस आधीं चिटणिसाची गांठ पुन्हा कसाशीं पडली होती. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. चिटणीस लोकनियुक्त असतो, म्हणजे तो एका पक्षाचा असतो. २०१८ सालीं ब्रायन केम्प हे चिटणीसपदावर असतांनाच गव्हर्नराच्या जागेस उभे राहिले, आणि स्टेसी एब्रॅम्स यांच्यावर थोड्या मतांनीं विजयी झाले. निवडणूक त्यांच्याच देखरेखीखालीं झाली. कायद्यानें यास हरकत नव्हती. पण ज्यानें परीक्षेस बसावयाचें त्यानेंच पर्यवेक्षक व्हावें, हें आम्हां शिक्षकांच्या गळीं उतरणें कठीण.

त्यांच्यानंतर आलेले चिटणीस ब्रॅड राफेन्सपर्गर, धंद्यानें इंजिनियर, पक्षानें रिपब्लिकन. २०२० च्या नोव्हेंबरांत अध्यक्षपदाच्या निवडणुकींत जॉर्जियांत सुमारें पन्नास लाख मतें पडलीं, आणि बायडेन यांना ट्रम्प यांच्याहून ११,७७९ मतें अधिक मिळालीं. सगळ्या मतपत्रिका हातानें पुन्हा मोजल्या गेल्या. नंतर यंत्रानें तिसऱ्यांदां. निकाल बदलला नाहीं. २ जानेवारी २०२१ रोजीं अध्यक्ष ट्रम्प यांनीं चिटणिसास दूरध्वनि करून तासभर बोलणें केलें, आणि ११,७८० मतें शोधून काढावींत असें सांगितलें. उणीव होती त्याहून नेमकें एक अधिक! राफेन्सपर्गर यांनीं स्वतःचें मत ट्रम्प यांनाच दिलेलें होतें. तुमच्यापाशीं असलेली माहिती चुकीची आहे, असें त्यांनीं उत्तर दिलें, आणि निकाल होता तसाच राहूं दिला. त्यांना व त्यांच्या कुटुंबियांना धमक्या आल्या.

पुढील वर्षीं, २०२२ च्या मे महिन्यांत, पक्षाच्या प्राथमिक निवडणुकींत ट्रम्प यांनीं त्यांच्याविरुद्ध आपला माणूस उभा केला. राफेन्सपर्गर पहिल्याच फेरींत निम्म्याहून अधिक मतें घेऊन निवडून आले. तत्पूर्वीं २०२१ सालीं विधिमंडळानें एक लांबलचक निवडणूक कायदा करून दोन फेऱ्यांमधलें अंतर नऊ आठवड्यांवरून चारावर आणलें होतें, आणि संस्थानाच्या निवडणूक मंडळाचें अध्यक्षपद चिटणिसाकडून काढून घेतलें होतें. शिक्का मात्र अजून त्याच कचेरीच्या हवालीं आहे.